पाठाचं नियोजन शेवटच्या पाच मिनिटांपासून

शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी माझी टाचणवही, म्हणजे प्रत्येक पाठाचं नियोजन लिहायची वही, अगदी नेटकी असायची. समास आखलेले, उद्दिष्टांना क्रमांक, साहित्याची यादी, फलकलेखनाचा नमुनासुद्धा. त्या वर्षी सहावीच्या वर्गाला ‘उताऱ्यातला मुख्य मुद्दा शोधणे’ हे कौशल्य शिकवायचं होतं. तास ४० मिनिटांचा. मी उतारा वाचला, मुख्य मुद्दा कशाला म्हणतात ते समजावलं, दोन उतारे फळ्यावर सोडवून दाखवले. मुलं मन लावून ऐकत होती. तास चांगला झाला, याची मला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी नवा उतारा दिला, तर वर्गातल्या बहुतेकांनी त्याचं पहिलंच वाक्य जसंच्या तसं उतरवून दिलं.

त्या संध्याकाळी मी माझं टाचण पुन्हा वाचायला घेतलं आणि एक गोष्ट डोळ्यांत भरली. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याचा कर्ता ‘शिक्षक’ होता. शिक्षक वाचन करतील, शिक्षक स्पष्टीकरण देतील, शिक्षक उदाहरण सोडवतील. मुलांच्या वाट्याला आली होती दोनच क्रियापदं: ‘ऐकतील’ आणि ‘लिहून घेतील’. मुख्य मुद्दा शोधण्याचं काम त्या अख्ख्या तासात फक्त मी केलं होतं. मुलांना ते करायला मी एकदाही दिलं नव्हतं, मग ते त्यांना येणार कुठून?

नव्याने शिकवायला लागलेल्या प्रत्येकाला मी आजही हेच करायला सांगते. आपलं टाचण घ्या आणि वाक्यांचे कर्ते मोजा. जिथे कर्ता ‘विद्यार्थी’ आहे, तिथलं क्रियापद पाहा. ते डोळ्यांना दिसणारं आहे का? ‘समजेल’, ‘आकलन होईल’, ‘जाणीव निर्माण होईल’ ही क्रियापदं वर्गात उभं राहून दिसत नाहीत. ‘अधोरेखित करेल’, ‘एका वाक्यात लिहील’, ‘दोन पर्यायांतून निवडून कारण सांगेल’ ही दिसतात. बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेलं शैक्षणिक उद्दिष्टांचं वर्गीकरण अध्यापनाच्या प्रशिक्षणात आपण सगळेच पाठ करतो. २००१ मध्ये ते सुधारलं गेलं, तेव्हा त्यातल्या पायऱ्यांची नावं नामांऐवजी क्रियापदांत आली. परीक्षेसाठी मी हा फरक लक्षात ठेवला होता. त्याचं मोल मात्र त्या फसलेल्या तासानंतर कळलं.

तेव्हापासून मी टाचण मागून पुढे लिहिते. सगळ्यात आधी तासाची शेवटची पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत प्रत्येक मूल एकट्याने, माझ्या मदतीशिवाय काय करून दाखवणार? मुख्य मुद्द्याच्या पाठात ते काम असं होतं: आधी न वाचलेला आठ ओळींचा उतारा, त्यातला मुख्य मुद्दा स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात, आणि त्याला आधार देणाऱ्या दोन वाक्यांखाली रेघ. हे काम ठरल्याशिवाय मी दुसरं काही लिहीत नाही. हे शहाणपण माझं एकटीचं नाही. आधी उद्दिष्ट ठरवा आणि अनुभव त्यानुसार निवडा, हे राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये सांगितलं होतं. पुढे १९९८ मध्ये ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांनी या उलट्या क्रमाच्या नियोजनाला नीट आकार दिला.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. शेवटचं काम ठरलं, की ते स्वतः करायचं. नुसतं मनात म्हणून चालत नाही, कागदावर, मुलांनी करायचं तसं. आपल्याला ते येत असतं म्हणून हात झरझर चालतो. मुद्दाम सावकाश जायचं आणि आपण नेमकं काय काय केलं ते टिपून ठेवायचं. मी उतारा सोडवला तेव्हा लक्षात आलं, की मी आधी ‘हे कशाबद्दल आहे?’ असं विचारलं, मग ‘त्याबद्दल काय म्हटलंय?’ असं विचारलं, मग उदाहरणं बाजूला काढली, आणि शेवटी माझं वाक्य प्रत्येक ओळीला लागू पडतं का ते पडताळलं. या चार गोष्टींपैकी एकही मी वर्गात सांगितली नव्हती. मी म्हटलं होतं, ‘नीट वाचा, म्हणजे मुद्दा सापडेल.’

या चारांतही मुलं अडतात ती पहिल्या दोनांमध्ये. ‘पाणी’ हा विषय झाला. ‘झाडांच्या मुळांमुळे पाणी जमिनीत जास्त मुरतं’ हा मुद्दा. मूल ‘पाणी’ असं उत्तर लिहितं, आपण चूक म्हणतो, आणि त्याला कळतच नाही काय चुकलं, कारण उतारा पाण्याबद्दलच असतो! विषयाचं मुद्द्यात रूपांतर करायला त्याला क्रियापद जोडावं लागतं. एवढी एकच गोष्ट शिकवायला मला पूर्ण एक तास लागला आणि तो तास सत्कारणी लागला. म्हणून कौशल्याचे तुकडे करा. ‘वाचन कौशल्य’ एका तासात मावत नाही. ‘विषय आणि मुद्दा यांतला फरक ओळखणे’ मावतं.

तुकडे लहान का ठेवायचे, यालाही कारण आहे. डोक्यात एका वेळी फार थोड्या नव्या गोष्टी धरता येतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये हा आकडा सातच्या आसपास सांगितला होता, तर नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. आता उताऱ्यातच पाच अनोळखी शब्द असतील, वाक्यं लांबलचक असतील, तर मुलाची सगळी शक्ती तिथेच संपते. नव्या कौशल्याला जागाच उरत नाही. त्यामुळे कौशल्य नवं असेल तेव्हा मजकूर सोपा घ्यायचा. एखादी इयत्ता खालचा घेतला तरी चालतो. अवघड मजकूर नंतर, कौशल्य हाताशी आलं की. मी सुरुवातीला याच्या बरोबर उलट करायचे. सोपा उतारा घेतला तर मुलांना कमी लेखल्यासारखं होईल, असं मला वाटायचं.

मग येतं करून दाखवणं. इथे फळ्यावर तयार उत्तर लिहिण्याचा उपयोग नाही. विचार ऐकू यायला हवा. ‘मला वाटतंय मुद्दा हा आहे. थांबा, पण चौथ्या ओळीत वेगळंच काहीतरी आहे. म्हणजे माझं वाक्य अपुरं आहे. बदलते.’ असं अडखळत, खोडत, दुरुस्त करत दाखवलं की मुलांना कळतं, हुशार माणसालाही उत्तर पहिल्या फटक्यात येत नसतं. हे बोलणं मी आधी टाचणात शब्दशः लिहून काढते. ऐन वेळी सुचेल म्हणून सोडलं तर मी परत स्पष्टीकरणाकडे घसरते.

करून दाखवल्यावर लगेच ‘आता तुम्ही करा’ म्हणायचं नाही. मध्ये एक टप्पा हवा, सगळ्यांनी मिळून करण्याचा. निम्मं मी, निम्मं वर्ग, मग जोड्या, मग एकटं मूल. इमारत उभी राहताना परांची बांधतात आणि भिंत पक्की झाली की सोडवतात, तशी मदत हळूहळू काढून घ्यायची. वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये शिकण्यातल्या मदतीसाठी हीच उपमा वापरली होती. ४० मिनिटांच्या तासात माझा हिशेब साधारण असा असतो: कालचं आठवायला ५, करून दाखवायला ८, मिळून करायला १२, एकट्याने सरावाला १०, आणि शेवटच्या कामाला ५. तास हातातून निसटायला लागला तर माझं बोलणं कापायचं, मुलांचा सराव नाही, हे मी आधीच ठरवून ठेवते.

आता चुकांबद्दल. टाचणात ‘मूल इथे कसं चुकेल?’ असा एक रकाना ठेवा. गणिताचं उदाहरण घेते. ५२ वजा २७. पुष्कळ मुलं ३५ लिहितात. आपण म्हणतो लक्ष नाही. पण सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, असा त्यांचा हिशेब चोख असतो. मोठ्या अंकातून लहान वजा करायचा, हा नियम ती प्रामाणिकपणे पाळत असतात. ब्राउन आणि बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशा चुकांचा बारकाईने अभ्यास मांडला आणि दाखवलं, की मुलांच्या बऱ्याच चुका सुसंगत असतात, त्यांमागे एक चुकीचा पण पक्का नियम असतो. हे वाचल्यावर मी उदाहरणं निवडायची पद्धत बदलली. ६९ वजा २३ दिलं तर चुकीचा नियम पाळणारं मूलही ४६ हेच बरोबर उत्तर काढतं आणि चूक लपून राहते. दशक उसना घ्यावा लागेल असं उदाहरण दिलं, की ती उघडी पडते. म्हणून सरावातला प्रत्येक प्रश्न निवडताना मी स्वतःला विचारते: चुकीच्या समजुतीने गेलं तर इथे उत्तर वेगळं येईल ना?

प्रश्नांची गोष्ट निघालीच आहे तर वाट पाहण्याबद्दल सांगते. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांमधलं संभाषण तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबत होते. तो अवधी तीन सेकंद किंवा जास्त केला, तेव्हा मुलांची उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात. मी मनात आकडे मोजते. आणि एकाला उभं करून विचारण्याऐवजी सगळ्यांना पाटीवर उत्तर लिहून एकदम वर धरायला सांगते. ‘समजलं का?’ या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक वर्गात ‘हो’च येतं, पाट्या मात्र खरं सांगतात.

शेवटच्या पाच मिनिटांतल्या चिठ्ठ्या मी घरी तपासून गुण देत बसत नाही. तीन गठ्ठे करते: जमलं, अर्धवट जमलं, अजिबात नाही. दहा मिनिटांचं काम आहे. मधला गठ्ठा मोठा असेल तर उद्याचा तास त्यांच्या नेमक्या अडचणीपासून सुरू होतो. तिसरा मोठा असेल तर माझा तुकडा मोठा झाला होता, तो अजून कापायचा.

एकदा जमलं म्हणजे कायमचं आलं असं होत नाही. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग दाखवला होता, सुरुवातीला झपाट्याने, मग सावकाश. माझ्या टाचणाच्या समासात म्हणून तारखा असतात: हेच कौशल्य दोन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने पुन्हा. तेही परत समजावून नाही, आठवायला लावून. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात परत परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे होते. तासाच्या सुरुवातीची माझी पाच मिनिटं म्हणूनच वह्या मिटून असतात.

हे सगळं फक्त भाषा-गणितापुरतं आहे, असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात दहा जीवनकौशल्यांची यादी दिली. त्यात परिणामकारक संप्रेषण आहे, चिकित्सक विचार आहे, ताणाला सामोरं जाणं आहे. ती शिकवताना आपण टाचणात ‘गटचर्चा घ्यावी’ एवढंच लिहितो. गटचर्चेत जे आधीच बोलतात ते आणखी बोलतात, बाकीचे ऐकत बसतात. इथेही एकच तुकडा घ्या. उदाहरणार्थ, मतभेद मांडणं. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत सांगायचं, ‘बरोबर सांगितलं का?’ असं त्याला विचारायचं, मग ‘मला वेगळं वाटतं, कारण…’ हे वाक्य पूर्ण करायचं. हे करून दाखवता येतं, जोडीत घडवता येतं आणि शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येकाकडून ऐकता येतं. माझ्या वर्गातली एक अगदी अबोल मुलगी या साच्यात पहिल्यांदा मोठ्याने असहमत झाली. बोलायचं खूप होतं तिच्याकडे, सुरुवात कशी करायची ते तिला सापडत नव्हतं.

सुरुवातीला असं एक टाचण लिहायला मला दीड-दोन तास लागत. रोजच्या सगळ्या तासांना ते शक्य नाही, तसा अट्टहासही नको. आठवड्यातून एक पाठ असा नीट लिहा, बाकीच्यांसाठी निदान शेवटचं काम आणि संभाव्य चूक या दोन ओळी. आणि तास संपल्या संपल्या, पुढच्या वर्गाकडे जाताजाता, टाचणाखाली दोन वाक्यं खरडून ठेवा: कुठे अडलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. संध्याकाळपर्यंत थांबलात तर ते विरून जातं.

मुख्य मुद्द्याच्या त्या पाठाखाली मी लिहिलं होतं, ‘विषय आणि मुद्दा एकच वाटतायत. आधी पाण्याचं उदाहरण घ्यायचं, मग उतारा.’ पुढच्या वर्षी तास तिथून सुरू केला. फळ्यावर ‘पाणी’ असा एकच शब्द लिहिला, आणि वर्गाला म्हटलं, ‘याला क्रियापद जोडा.’