नवतपा लागायच्या आत जीपचा रेडिएटर

होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात, वाळलेल्या ताट्या बदलतात, पंपाला पाणी लावून बघतात. जुनी जीप किंवा जिप्सी बाळगणाऱ्यानं त्याच आठवड्यात बॉनेट उघडावं. २५ मेच्या आसपास नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक तापाचे नऊ दिवस, लागतो. तेव्हा रेडिएटरवाल्याकडे रांग असते आणि समोर येईल तो माल घ्यावा लागतो. मार्चमध्ये मिस्त्रीला वेळ असतो, तो नीट बोलतोही.

पण दुकानात जायच्या आधी गाडी नेमकी कधी गरम होते ते चार-पाच दिवस बघून कागदावर लिहा. बर्डीच्या गर्दीत किंवा जंगलाच्या रस्त्यावर लो गियरमध्ये तापमानाचा काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्याला लागलं की उतरतो, तर हवा कमी पडते आहे. मग पंखा, पट्टा आणि पंख्याभोवतीचं कवच, म्हणजे काउल, बघा. उलट सिग्नलवर काटा शांत, पण वर्धा रोडवर सत्तर-ऐंशीला लावली की दहा मिनिटांत वर, तर रेडिएटरची जाळी आतून तुंबल्याचा संशय घ्यायला हरकत नाही. इंजिन गरम असताना बंद करा, पंखा थांबू द्या आणि जाळीच्या जवळून हात फिरवा (चिकटवू नका, सोलून निघेल). मध्येच गार पट्टा लागला तर तिथून पाणी फिरत नाही.

सकाळी इंजिन थंडगार असताना झाकण काढून गाडी सुरू करा. तोंडाशी सारखे बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलेलं असू शकतं, आणि तसं असेल तर सोन्याचा रेडिएटर बसवला तरी गाडी उकळणारच. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून ओघळ आहे का, रेस दिल्यावर खालचा होज पाइप आत चपटा होतो का, पट्टा अंगठ्यानं दाबला तर अर्ध्या इंचाहून जास्त दबतो का, हेही त्याच वेळी बघून घ्या. यातल्या निम्म्या गोष्टी काहीशे रुपयांत सुटतात.

एवढं करूनही बोट रेडिएटरवरच गेलं, तर मापं काढा. इथे मी स्वतः फसलो आहे. माझी महिंद्राची एमएम ५४० जीप, मूळची २११२ सीसीच्या प्यूजो डिझेलची. पण आधीच्या मालकानं इंजिन बदललेलं होतं, आरसीवर नोंदही होती, माझ्या मात्र डोक्यात नव्हती. मी दुकानात ऐटीत सांगितलं, ‘पाचशे चाळीसचा द्या.’ दिला. घरी आणून बघतो तर खालची नळी भलत्याच बाजूला. गॅरेजमधल्या पोरानं लांब होज वाकवून, दुमडून कसाबसा जोडला आणि मीही ‘चालते’ म्हणून निघालो. देवलापारच्या अलीकडे होजची ती घडी आत चिकटली, पाणी अडलं, आणि भर दुपारी सागाच्या झाडाखाली तासभर बसलो. सावली म्हणावी तर उन्हाळ्यात सागाला पानंच नसतात. तेव्हापासून नियम केला: रेडिएटर इंजिनाप्रमाणे घ्यायचा, बॉनेटवरच्या नावाप्रमाणे नाही. जुन्या जीपांमध्ये या दोन गोष्टी फार क्वचित जुळतात.

मापं अशी घ्या. जाळीची उंची, रुंदी आणि जाडी, वरखालच्या टाक्या सोडून. मग टाक्यांसकट पूर्ण उंची. वरची आणि खालची नळी कोणत्या बाजूला आणि त्यांचा बाहेरचा व्यास किती. फ्रेमच्या बोल्टच्या भोकांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत. पंख्याचं पातं आणि जाळी यांच्यात किती जागा आहे तेही मोजा. इंचभर तरी राहायला हवी, कारण खड्ड्यात इंजिन पुढे झुकतं आणि पातं जाळीला चाटतं. झाकण बसतं त्या तोंडाची खोली बहुतेक जण मोजत नाहीत. झाकणं कमी आणि जास्त खोलीची अशी वेगवेगळी येतात. चुकीचं लावलं तर वरून घट्ट वाटतं, आतलं रबर मात्र टेकत नाही आणि दाब धरत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे जुना रेडिएटरच काढून सोबत न्या आणि दोन्ही काउंटरवर उभे करून बघा. मोबाइलवरचा फोटो दाखवून घेतलेला रेडिएटर परत करायला जावं लागतं.

आता तांबं-पितळ की अ‍ॅल्युमिनियम. यावर दोन मित्र चहावर तासभर भांडू शकतात. उष्णता वाहून न्यायला तांबं अ‍ॅल्युमिनियमपेक्षा बरंच सरस, हे खरं. पण जुन्या रेडिएटरमध्ये नळ्यांमधल्या बारीक पत्र्या तांब्याच्या असल्या तरी नळ्या पितळेच्या असतात आणि जोड डाखाचे (सोल्डरचे). अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात, वजनही खूप कमी, त्यामुळे चांगला बनवलेला अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर गाडी थंड ठेवण्यात मागे पडत नाही. माझं मत तरीही तांब्या-पितळेच्या बाजूचं आहे, आणि त्याचं कारण रस्त्यात आहे. ओढ्यातल्या दगडांवर गाडीची चेसिस पिळते, रेडिएटरही तिच्याबरोबर पिळतो. तांब्याचा जोड सुटला तर हमरस्त्यावरच्या एखाद्या साध्या दुकानातही बत्ती आणि डाख घेऊन अर्ध्या तासात काम होतं. अ‍ॅल्युमिनियम चिरलं तर टिग वेल्डिंगवाला शोधा, म्हणजे हिंगणा एमआयडीसीपर्यंत गाडी ओढत आणा. प्लॅस्टिकच्या टाक्यांचा तर जंगलात नेणाऱ्यानं विचारच करू नये. शहरातच फिरणारी जिप्सी असेल तर अ‍ॅल्युमिनियम खुशाल घ्या, फक्त खाली चांगले रबरी बूश लावा.

दुकानदार नळ्यांच्या चार रांगांची जाडजूड जाळी पुढे करेल. भुलू नका. समोरून हवा जितक्या क्षेत्राला लागते ते महत्त्वाचं. जाळी जाड केली की मागच्या रांगांना पुढच्यांनी तापवलेलीच हवा मिळते, आणि हळू चालताना जुना पंखा ती ओढतही नाही. तीन रांगा आणि नीट बसलेलं काउल, ज्यात पंख्याचं पातं अर्धं आत अर्धं बाहेर राहील, हे जास्त काम करतं. पत्र्याही फार दाट नकोत. इंचाला दहा-बारा पुरे. पावसाळा संपल्यावर इकडच्या जंगलरस्त्यांवर कुसळी गवताची कुसळं जाळीत अशी घुसतात की एकेक चिमट्यानं काढावं लागतं. दाट जाळीत त्यांचा नमदाच तयार होतो.

माझे रेडिएटरवाले मिस्त्री मात्र नवीन घेण्याच्याच विरोधात होते. म्हणाले, ‘भाऊ, टाक्या चांगल्या हायेत, पूरं काहून बदलवता? जाळी टाकून घ्या ना.’ बरोबर होतं त्यांचं. पितळी टाक्या आणि बाजूच्या पट्ट्या शाबूत असतील तर मधली जाळी तेवढी नवी बसवता येते. नळ्यांच्या जागा, बोल्टची भोकं, झाकणाचं तोंड सगळं मूळचं राहतं. फक्त तयार झालेला माल समोर उभं राहून तपासून घ्या. नळ्यांची तोंडं बंद करून आत हवा भरतात आणि पाण्याच्या हौदात बुडवतात. पाणी काळपट असतं, त्यामुळे बुडबुडा निघाला तरी कुठून निघाला ते चटकन कळत नाही. मिस्त्री पृष्ठभाग शांत होईपर्यंत थांबले, मग नळी जिथे टाकीच्या पत्र्यात शिरते तिथून मोहरीएवढे बुडबुडे एकामागे एक वर आले. खडूनं खूण केली, वर काढलं, पुन्हा डाख. गाडीच्या झाकणावर जेवढा दाब लिहिलेला असतो त्याच्या किंचित वर हवा धरून दोन-तीन मिनिटं एकही बुडबुडा नको.

सेकंडहँड घेत असाल तर तोंडात बोट घालून बघा. पिवळा गाळ लागला तर कोणीतरी गळती थांबवायला हळद टाकलेली आहे. रस्त्यात अडकल्यावर एकदा टाकली तर समजू शकतो, पण ती भोकाबरोबर नळ्याही बुजवते.

झाकण नवीनच घ्या आणि दाब जुन्यावरचाच ठेवा. ०.९ बारच्या झाकणाखाली साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, म्हणून कोणी जास्त दाबाचं लावायला सुचवेल. जुन्या डाखाचे जोड आणि हीटरची जुनाट नळी ते सोसत नाहीत.

कूलंट तांबं, पितळ आणि डाख यांना चालतो असं डब्यावर लिहिलेला घ्या. रंगावर जाऊ नका, रंग प्रत्येक कंपनीचा आपला. दोन वेगळे एकत्र ओतू नका. सोबत बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी. बोअरचं पाणी अजिबात नको. तुमच्या घरच्या कूलरच्या ताटीवर जो पांढरा थर बसतो, तोच नळ्यांच्या आत बसतो.

बसवायच्या दिवशी दोन्ही होज, क्लिपा आणि पट्टा नवीन हाताशी ठेवा. आधी इंजिनाचा ब्लॉक नळीच्या पाण्यानं उलटा धुवा, नाहीतर आतला गंज नव्या जाळीत जाऊन बसेल. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप, ‘आपल्याकडे लागत नाही’ म्हणून काढून फेकायची इथे जुनी खोड आहे. कित्येक इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता तसाच फिरत राहतो. आणि डिसेंबरच्या सकाळी डिझेल इंजिन तापायला अर्धा रस्ता जातो. नवीन थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर लावून बघा. त्यावर ८२ लिहिलं असेल तर तेवढ्या अंशांच्या सुमारास उघडायला लागला पाहिजे. पातेलं स्वयंपाकघरातलं वापरायचं की नाही ते तुमचं घर ठरवेल.

भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवा, हीटर असेल तर उघडा, झाकण काढून इंजिन चालू ठेवा आणि हवा निघेल तसं ओतत जा. दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी बघा आणि क्लिपा पुन्हा एकदा आवळा. मग दुपारी दोनला निघा. आधी बर्डीची गर्दी, नंतर जबलपूर रोडनं रामटेक आणि गडमंदिराचा चढ दुसऱ्या गियरमध्ये. वर पोचल्यावर लगेच बंद करू नका, दोन मिनिटं काट्याकडे बघत थांबा.

जुना रेडिएटर हे सगळं होईपर्यंत दुकानदाराला देऊ नका. तांब्या-पितळेला वजनावर भाव मिळतो. तो भाव तुम्ही रामटेकहून परत आल्यावर ठरवा.