घाटावरचा शिलालेख कसा वाचावा

वाईपासून हरिपूरच्या संगमापर्यंत कृष्णाकाठी घाटांना तोटा नाही. त्यांच्या पायऱ्यांत, ओवऱ्यांत कोरलेले दगड सापडतात. ते वाचायच्या घाईतच बहुतेकांची वाट लागते.

दिवाळीनंतर, पाणी उतरल्यावर जा. गाळ साध्या पाण्याने आणि मऊ कुंचल्याने काढा. तारेच्या ब्रशाचं नाव काढू नका.

पुढे खरी अडचण, अक्षरं दिसत नाहीत. कुणीतरी हमखास सांगतो, "खडू भरा की!" मीही एकदा भरला. शके १६११ वाचलं, म्हणजे इसवी १६८९, आणि हा राजाराम महाराजांच्या काळातला लेख म्हणून गावभर सांगून मोकळा झालो. प्रत्यक्षात तिथे १६९१ होतं. झिजलेल्या ९ चा १ दगडाने केला नव्हता, माझ्या खडूने केला होता. खडू निदान धुतला जातो; ऑइलपेंट भरलेला लेख कायमचा गेला. असा रंगवलेला दिसला तर खरवडू नका, पुरातत्त्व खात्याला कळवा.

करायचं ते असं: दिवेलागणीला जा, बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून आडवी धरा. समोरून मारलात तर सगळं सपाट दिसतं. आडव्या उजेडात प्रत्येक खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून येतं. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे चार फोटो काढा. एका बाजूने लपलेली रेघ दुसऱ्या बाजूने सापडते. शेजारी मापाची पट्टी ठेवा.

आकड्यावर एकट्यावर विश्वास नको, संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं, नाव शोधा. शकात १२ मिळवून ६० ने भागा. बाकी म्हणजे प्रभव या पहिल्या संवत्सरापासूनचा क्रमांक. १६९१ ला बाकी २३, विरोधी. १६११ ला ३, शुक्ल. माझ्या दगडावर 'विरोधी' स्वच्छ कोरलेलं होतं, मीच पाहिलं नाही. साताऱ्याजवळच्या लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीचं काम शके १६४१ ला सुरू झालं. बाकी ३३, विकारी. (२०१९ चा महापूर आला तोही विकारीच.)

इसवीसाठी ७८ मिळवा. तिथी माघ-फाल्गुनातली असेल तर ७९; पौषातली असेल तर दोन्हींपैकी कोणताही.

नक्कल ओळीला ओळ उतरवा. तुटलेल्या अक्षराजागी टिंब द्या, अंदाज ठोकू नका. मग मोठ्या टायपात छापून एक प्रत देवळात लावा, एक चावडीत आणि एक शाळेत.