झपाट्याने पसरणारे मऊ प्रवाळ टाकीत आवरून कसे ठेवावेत

ग्रीन स्टार पॉलिप, झेनिया आणि केनिया ट्री हे मऊ, म्हणजे दगडी सांगाडा नसलेले, प्रवाळ खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत नवख्यांकडेही सहज तगतात. मात्र जागेची आखणी पहिल्याच दिवशी करावी लागते, कारण मुख्य खडकावर एकदा पकड बसली की तेथून ते पूर्णपणे काढणे जवळजवळ अशक्य होते.

ग्रीन स्टार पॉलिप ज्या जांभळ्या, चामड्यासारख्या पापुद्र्यातून उगवतो, तो पापुद्राच पुढे सरकत जातो. म्हणून त्याला वाळूत सुट्या ठेवलेल्या दगडावर लावावे आणि भोवती चार बोटे मोकळी वाळू राखावी. मागच्या काचेवर लावल्यास हिरवळ फार देखणी दिसते, पण ती कडेच्या खडकाला टेकता कामा नये. पापुद्र्याची फिकट कड दगडाबाहेर लोंबू लागताच ब्लेडने कापावी, नखाने अलगद सोलावी आणि तुकडे लगेच बाहेर काढावेत.

केनिया ट्री स्वतःच्या फांद्या गाळतो व त्या प्रवाहाबरोबर वाहून फटींमध्ये रुजतात. त्यामुळे पंपाच्या जाळीमागे नियमित पाहावे. झेनिया तर सरकत शेजारच्या खडकावरही चढतो.

पाण्याचे तापमान २५ ते २६ अंश सेल्सियस व विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचे माप) १.०२५ स्थिर ठेवावे. नायट्रेट (माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून पाण्यात साठणारे पोषक द्रव्य) शून्यावर आणण्याचा अट्टाहास नको, कारण अतिस्वच्छ पाण्यात झेनिया अनेकदा खंगतो. मोठी छाटणी केल्यावर थोडे पाणी बदलावे आणि पाण्यातील रसायने शोषून घेणारा ताजा सक्रिय कोळसा घालावा, कारण मऊ प्रवाळांची रसायने शेजारच्या कठीण प्रवाळांची वाढ खुंटवतात.