स्पार्क प्लग घरी बदलताना: आधी बोटं, मग पाना

गाडीच्या इंजिनात ठिणगी पाडणारे चार प्लग बदलायला घरी पाऊण तास पुरतो. त्यातली चाळीस मिनिटं जरा इकडेतिकडे झाली तरी गाडीचं काही बिघडत नाही. नवा प्लग भोकात सोडल्यापासून त्याचे आटे धरेपर्यंतची पाच मिनिटं मात्र चुकली, तर थेट हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवायची वेळ येते. ती वेळ माझ्यावर आलेली आहे, म्हणून या लेखात बाकीचं थोडक्यात आणि ही पाच मिनिटं सविस्तर आहेत.

दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगून प्लग मागू नका. मॅन्युअलमधला प्लगचा नंबर लिहून न्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षाप्रमाणे इंजिन बदललेलं असू शकतं. आट्यांची लांबी चुकली आणि प्लग लांब निघाला, तर तो आत पिस्टनला लागू शकतो. आखूड निघाला, तर हेडचे उघडे राहिलेले आटे कोळशाने भरतात. साधे निकेलचे प्लग गाडीप्रमाणे २० ते ४० हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे लाखाच्या आसपास. गाडी सीएनजीवर असेल तर थोडे आधीच बदला. गॅसवर ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर गुमान चालतो आणि सीएनजीवर टाकला की मिस मारायला लागतो, म्हणजे मधेच ठिणगी चुकून गाडी झटके देते. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतातच. तिथे हीटर प्लग असतात आणि ते काम वेगळं.

इंजिन थंड हवं. थंड म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. ‘गरम असतानाच खोल, पटकन निघतो’ हा सल्ला मी साताऱ्यात निदान दहा जणांकडून ऐकला आहे आणि तो चूक आहे. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. गरम अ‍ॅल्युमिनियम मऊ पडतं आणि प्लगचे पोलादी आटे बाहेर येताना त्याला ओरबाडत आणतात. प्लग पटकन निघेल, पण नवा बसवायला आटे शाबूत राहतीलच असं नाही.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. प्लगवर बसलेल्या, त्याला वीज देणाऱ्या कॉइलचा कनेक्टर लॉक दाबून सोडवा, बोल्ट काढा आणि कॉइल किंचित फिरवून सरळ वर ओढा. जुन्या, वायरवाल्या गाडीत एका वेळी एकच वायर काढा आणि तो प्लग पुरा झाल्यावरच पुढचीला हात लावा, म्हणजे वायरींची अदलाबदल होणार नाही. ओढताना रबरी टोपी धरायची, वायर नाही.

प्लग ज्या खोल भोकाच्या तळाशी बसतो, त्याला विहीर म्हणतो. आता टॉर्च मारून त्या विहिरीत बघा. आमच्याकडे गळीत हंगामात कोरेगाव रस्त्याने उसाच्या ट्रॉल्यांमागून महिनाभर ये-जा केली की प्लगभोवती मातीचा थर जमतो. प्लग सैल करायच्या आधी ही माती निघालीच पाहिजे. प्लग निघाला की भोक उघडं पडतं आणि सगळी माती सिलिंडरमध्ये जाते. मी सायकलच्या पंपाला बारीक नळी लावून हवा मारतो, डोळ्यांवर चष्मा लावून. फडक्याने पुसायला जाऊ नका, त्याने माती आणखी खाली ढकलली जाते.

आतून रबर किंवा चुंबक असलेल्या प्लग सॉकेटने प्लग सोडवा. बऱ्याच नव्या गाड्यांना १६ मिमीचं लागतं. प्लग अडला तर जोर लावू नका. पाव फेरा सैल करा, कडेने गंज सोडवणारं तेल दोन थेंब सोडा, पंधरा मिनिटं थांबा आणि पुढे-मागे करत काढा.

निघालेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने ओळीत ठेवा. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ओलं, तेलकट काळं असेल तर तेल आत येतंय आणि नव्या प्लगने ते थांबणार नाही. पांढरंफटक, फोड आलेलं टोक म्हणजे प्लग फार तापतोय. जुने प्लग पॉलिश पेपरने घासून परत बसवू नका. झिजलेली धार घासून परत येत नाही. नव्या प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मॅन्युअलशी ताडून बघा. इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक असतं, त्याला कशानेही दाबू नका.

आता ती पाच मिनिटं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी पहाटे आईला घेऊन पंढरपूरला निघायचं होतं आणि मी संध्याकाळी अंधार पडता पडता प्लग बदलायला बसलो. तिसरा प्लग सॉकेटमध्ये घालून, सॉकेट रॅचेटला (सॉकेट फिरवायच्या दांड्याच्या पान्याला) लावून मी थेट फिरवायला लागलो. दोनच फेऱ्यांत हाताला जड लागलं. मला वाटलं, आट्यात कोळसा असेल, म्हणून जोर केला. प्लग आत गेला, पण वाकडा. आटा आट्यावर चढला होता. गाडी चालू केली तर त्या सिलिंडरमधून फट्-फट् आवाज येत गॅस बाहेर पडत होता. पुढे हेड उतरवून लेथवाल्याकडून भोकात बूश, म्हणजे नव्या आट्यांची नळी, बसवून घ्यावा लागला. आईचं पंढरपूर महिनाभर लांबलं, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

रॅचेटच्या दांड्याला जोर एवढा असतो की आटे बरोबर धरले की चढले, हे हाताला कळतच नाही. बोटांना कळतं. म्हणून सुरुवातीला रॅचेट जवळही ठेवायचं नाही.

फूटभर रबरी नळी घ्या, पेट्रोलच्या पाइपाची चालते. तिचं तोंड प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसलं पाहिजे. नळीला लटकवून प्लग सरळ विहिरीत सोडा. तो टेकला की आधी उलटा फिरवा, म्हणजे सोडताना फिरवतो तसा. एका फेऱ्याच्या आत प्लग बारीकसा खाली बसतो आणि बोटांना ‘टक्’ जाणवतं. आट्याची सुरुवात तिथे असते. आता तिथूनच सुलटा फिरवा. सहज फिरला पाहिजे, बाटलीचं झाकण फिरतं तसा. वाकडा धरला असेल तर नळी प्लगवर नुसती घसरते, आटे मोडण्याइतका जोर तिच्यात नसतो. नळी वापरायचं सगळ्यात मोठं कारण हेच.

फेरे मोजा. आट्यांची लांबी १९ मिमी आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिमी असेल तर प्लग टेकेपर्यंत दहा-बारा फेरे तरी झाले पाहिजेत. दोन-तीन फेऱ्यांतच अडला तर तो वाकडाच आहे. पूर्ण बाहेर काढा, आटे पुसा, पुन्हा उलटा फिरवून ‘टक्’ शोधा. मला कधीकधी चार-चार वेळा काढून घालावा लागतो आणि मी तो घालतो. ‘थोडा जोर दे, बसेल’ म्हणणाऱ्याला त्या वेळी गाडीपाशी उभं करू नका.

आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू नका. हल्लीच्या प्लगवर गंज न धरणारा मुलामा असतो आणि एनजीकेसारखी प्लग बनवणारी कंपनी स्वतःच काही लावू नका म्हणते. तेलकट आटा घसरतो, त्यामुळे टॉर्क रेंचवर (आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्यावर) आकडा तोच दिसला तरी प्रत्यक्षात प्लग जास्त आवळला जातो.

वॉशर हेडला टेकला की मग रॅचेट. १४ मिमी आट्याच्या वॉशरवाल्या प्लगला अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात, १२ मिमीच्या प्लगला १५ ते २०. टॉर्क रेंच नसेल तर नवा प्लग बोटांनी टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. त्यात वॉशर चेपला जातो आणि तो चेपताना हाताला जाणवतो. तोच प्लग काढून परत बसवत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, तेव्हा बाराव्या हिश्श्याचा फेरा बस. एका गॅरेजमध्ये पान्याला पाइप घालून प्लग आवळताना मी पाहिलंय. त्यानंतर माझ्या गाडीच्या प्लगला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिलेला नाही.

कॉइल ‘टप्’ आवाज येईपर्यंत दाबा, बोल्ट, कनेक्टर, बॅटरी.

चालू केल्यावर पाच मिनिटं उभ्या गाडीचा आवाज ऐका. मग मी समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाट चढतो, तिसऱ्या गिअरमध्ये, एसी लावून. सपाटीवर लपलेलं मिसिंग चढावर लोड आला की लपत नाही. झटका न देता गाडी वर गेली की काम झालं. झटका दिलाच, तर आधी त्या कॉइलचा कनेक्टर बघा, बहुतेक वेळा तो अर्धवट बसलेला असतो.

घरी आल्यावर बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा.