घरच्या कॉम्प्युटरवर पाहुण्यांना इंटरनेट देताय? या चुका टाळा

मे महिन्यात भाचरं येतात. जूनमध्ये अकरावीचे प्रवेश सुरू झाले की शेजारची मुलं येतात, मग सीईटीच्या फेऱ्या, महाडीबीटीचे अर्ज, कुणाचं आधार प्रिंट करायचंय, कुणाचं हॉल तिकीट. ज्या घरात कॉम्प्युटर आणि चालता प्रिंटर आहे त्या घराला हे चुकत नाही. नाही म्हणवत नाही आणि मोकळं सोडूनही चालत नाही. मग बहुतेक जण एखादी साइट ब्लॉक करायची युक्ती शोधतात आणि तिथेच क्रम उलटा होतो. आधी माणूस वेगळा करा, मग डिस्क, आणि साइट सगळ्यात शेवटी.

आपलंच लॉगिन उघडून देणं

ही चूक तांत्रिक नाही, भिडेची आहे. "जरा बस, तुझ्यासाठी वेगळं अकाउंट काढतो" म्हणायला संकोच वाटतो. पण भीड भिकेची बहीण! तुमच्या लॉगिनमध्ये तुमचा मेल उघडा असतो, व्हॉट्सॲप वेब चालू असतं. क्रोममध्ये साठवलेला पासवर्ड बघायचा तर विंडोजचा पिन विचारला जातो, पण ती साइट नुसती उघडली तर पासवर्ड आपोआप भरला जातो, तिथे सहसा कुणी काही विचारत नाही.

काही जण यावर इन्कॉग्निटो विंडो किंवा क्रोमचा गेस्ट मोड उघडून देतात. गेस्ट मोडमध्ये तुमची हिस्ट्री, बुकमार्क, पासवर्ड दिसत नाहीत आणि खिडकी बंद केली की पाहुण्याचे लॉगिनही पुसले जातात. दोन मिनिटांच्या कामाला तेवढं पुरतं. पण विंडोज अजून तुमचंच आहे. अर्जात फोटो जोडायला "फाइल निवडा" दाबलं की समोर तुमचेच फोल्डर येतात. आणि उतरवलेली आधारची पीडीएफ तुमच्या डाउनलोड्समध्येच पडून राहते, म्हणजे पाहुण्याचंही नुकसान.

"गेस्ट" नावाचं अकाउंट शोधत बसणं

विंडोज ७ मध्ये गेस्ट अकाउंट सरळ चालू करता यायचं. २०१५ साली विंडोज १० आलं आणि ती सोय गेली. जुन्या व्हिडिओंत कमांड देऊन ते जागं करायची पद्धत दाखवतात, ती करूनही लॉगिनच्या पडद्यावर ते येत नाही. त्या नादाला लागू नका.

त्याऐवजी साधं लोकल अकाउंट काढा, म्हणजे फक्त याच कॉम्प्युटरपुरतं, ईमेलशी न जोडलेलं. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात अदर युजर्स. विंडोज १० मध्ये याचं नाव फॅमिली अँड अदर युजर्स. ॲड अकाउंट दाबल्यावर ईमेल मागितला जातो. तिथे या व्यक्तीची साइन-इन माहिती नाही असा पर्याय निवडा, पुढच्या पडद्यावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर जोडा. नाव काहीही द्या, पण इंग्रजी अक्षरांत दिलेलं बरं. काही जुनी सॉफ्टवेअर देवनागरी नावाच्या फोल्डरला अडखळतात. "गेस्ट" हे नाव मात्र विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवलंय, ते घेता येत नाही.

नवं अकाउंट स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांचं असतं. ते तसंच राहू द्या. प्रिंटर चालेना म्हणून कुणीतरी त्याला ॲडमिनिस्ट्रेटर (सगळे अधिकार असलेलं) करतं आणि मग ते परत बदलायचं राहूनच जातं. स्वतःच्या अकाउंटला पासवर्डच नसेल तर हा सगळा खटाटोप फुकट आहे. पाहुणा लॉगिनच्या पडद्यावर तुमच्या नावावर टिचकी मारून आत येईल.

डी ड्राइव्ह उघडा राहणं

स्टँडर्ड अकाउंट काढलं म्हणजे आपल्या फायली सुरक्षित, असं जवळजवळ सगळे धरून चालतात. सी ड्राइव्हवरच्या तुमच्या युजर फोल्डरपुरतं ते खरं आहे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांत दुसऱ्या स्टँडर्ड युजरला शिरता येत नाही.

पण आपल्याकडे कॉम्प्युटर जोडून देणारा दुकानदार डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतो आणि वर सांगतो, "महत्त्वाचं सगळं डीमध्ये ठेवा, विंडोज उडालं तरी राहील." सल्ला चांगलाच आहे. फक्त विंडोजमध्ये अशा जादा ड्राइव्हवर मुळातच लॉगिन केलेल्या प्रत्येकाला फायली वाचायची, बदलायची आणि पुसायची मुभा असते. लग्नाचे फोटो, रिटर्नची कागदपत्रं, सातबाऱ्याचे स्कॅन, सगळं पाहुण्याच्या हाताखाली. इंटरनेटवर कितीही कुंपण घाला, यातली कुठलीही फाइल त्याला मेलला जोडता येते. फोल्डर "हिडन" करून काही होत नाही. लपवलेलं दाखवायचं बटण सगळ्यांना असतं.

उपाय असा: डी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट. ॲड करून पाहुण्याच्या अकाउंटचं नाव घाला आणि "डिनाय" खाली फुल कंट्रोलला खूण करा. ड्राइव्ह भरलेला असेल तर सगळ्या फायलींवर हे बसायला वेळ लागतो, मध्येच बंद करू नका. नाव घालताना "युजर्स" किंवा "एव्हरीवन" निवडू नका. त्या गटात तुम्हीही आहात, म्हणजे स्वतःलाच बाहेर काढाल. सिक्युरिटी हा टॅबच दिसत नसेल तर त्या ड्राइव्हचा फॉरमॅट एनटीएफएस नसून फॅट३२ किंवा एक्सफॅट आहे आणि तिथे ही सोय नाही. अशा वेळी नाजूक कागद उचलून आपल्या डॉक्युमेंट्समध्ये ठेवावेत. शेवटी पाहुण्याच्या अकाउंटमध्ये जाऊन डी उघडतो का, हे स्वतः बघा.

बंदी घालताना

विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये (साइटचं नाव कुठल्या पत्त्यावर न्यायचं हे सांगणारी यादी) साइटचं नाव टाकून ती अडवायची युक्ती जुनी आहे. ती सगळ्या अकाउंटना एकदमच लागू होते, तुम्हालाही, आणि एका साइटची प्रत्येक उपशाखा वेगळी लिहावी लागते. फायरवॉलमध्ये साध्या पद्धतीने क्रोम अडवलं तरी तेच, तुमचं क्रोमही बंद. पाहुण्याच्या अकाउंटमध्ये खोटा प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाणाऱ्या मधल्या सर्व्हरचा पत्ता) भरून ठेवला तर त्याला तो सेटिंगमधून काढता येतो.

आणखी एक गैरसमज: स्टँडर्ड युजरला काहीच इन्स्टॉल करता येत नाही. येतं. क्रोमसारखे ब्राउझर ॲडमिनचा पासवर्ड न देताही त्या युजरच्या स्वतःच्या फोल्डरात बसतात, पेनड्राइव्हवरून चालणारे वेगळेच. म्हणून एका ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची छोटी पुरवणी) घालून केलेली बंदी फार टिकत नाही.

अश्लील आणि घातक साइटपुरतं कुंपण हवं असेल तर राउटरच्या डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) क्लाउडफ्लेअर या कंपनीचे १.१.१.३ आणि १.०.०.३ हे पत्ते भरणं सर्वांत कमी त्रासाचं. घरातल्या सगळ्यांना ते लागू होतं, पण त्याला कुणाची हरकत असायचं कारण नाही. पळवाटा दोन: ब्राउझरमधला सिक्युअर डीएनएस, जिथे दुसरी सेवा निवडता येते, आणि पाहुण्याच्या फोनचा हॉटस्पॉट. दुसरीला माझ्या मते उपाय शोधू नये. त्याचा डेटा, त्याची जबाबदारी.

लहान मुलांसाठी मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी आहे. मात्र मुलाचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं आणि साइट गाळण्याचं काम फक्त एज या मायक्रोसॉफ्टच्याच ब्राउझरमध्ये होतं. गाळणी चालू केली की इतर प्रचलित ब्राउझर अडवले जातात. भाच्याचं क्रोम अचानक उघडेना झालं तर कारण बहुधा हेच. मोठ्या पाहुण्याला याचा उपयोग नाही.

"फक्त एवढ्याच साइट" ही यादी मला अर्जांच्या कामाला मुळीच पटत नाही. अर्ज भरून होतो, फी भरायला पान बँकेच्या किंवा पेमेंट गेटवेच्या पत्त्यावर जातं, तो पत्ता यादीत नसतो आणि सगळं तिथेच अडकतं. तेही शेवटच्या तारखेला. असं झालं तर बंदी तात्पुरती काढा आणि आधी पैसे खात्यातून गेले का ते बघा. लगेच पुन्हा भरू नका.

वेळेचं बंधन हवं असेल तर कमांड प्रॉम्प्टमधल्या नेट युजर (net user) या कमांडमध्ये टाइम्स (/times) हा पर्याय आहे. लोकल अकाउंटला वार आणि तास ठरवून देता येतात, विंडोजच्या होम आवृत्तीतही. मिनिटं चालत नाहीत, पूर्ण तासच. आणि ते फक्त लॉगिन अडवतं, आत बसलेल्याला उठवत नाही. आठला संपायचं असेल आणि भाचा पावणेआठला आत गेला असेल, तर पुढचं काम मामीनेच करायचं.

सुट्टी संपल्यावर अकाउंट काढून टाकायचं असेल तर त्यातल्या पावत्या आणि पीडीएफ आधी त्याला पाठवून द्या. अकाउंट आणि डेटा पुसायचं बटण दाबलं की त्या फायली रिसायकल बिनमध्येही सापडत नाहीत.