जुन्या ऑर्गनले कोणतं तेल? माझा अनुभव

आमच्या गावच्या बँडपार्टीचा जुना इलेक्ट्रिक ऑर्गन, दहा-बारा वर्षं कापसाच्या खोलीत पडून होता, यंदा तुळशीच्या लग्नाआधी काढला तर अर्ध्या पट्ट्या मुक्या अन् व्हॉल्यूम फिरवला की खर्रर्र. आधी कोणीतरी गंज सोडवायचा स्प्रे मारला होता, अन् तिथंच सगळा घोळ झाला, कारण त्याचा तेलकट थर मागं राहतो अन् त्याच्यावर कापसाची धूळ चिकटून पार चिखल होते. प्लग काढून एक दिवस तसाच ठेवला, कपॅसिटरमधी करंट साचून राहते भाऊ. मग पट्ट्यांखालचे कॉन्टॅक्ट, म्हणजे पट्टी दाबली की एकमेकाले टेकणारे धातूचे टोक, आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसले, ९९ टक्केवालं, मेडिकलातलं ७० वालं नाही, त्यात पाणी असते. सँडपेपर अजिबात लावू नका, वरचा पातळ मुलामा निघून जाते. व्हॉल्यूमले मात्र अल्कोहोल नाही, त्यानं आतलं ग्रीस धुऊन जाते, तिथं थोडं तेल सोडणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीसेक वेळा फिरवला. पट्टीच्या फेल्टले, म्हणजे मऊ लोकरी कापडाले, तेल लावलंच नाही, ते फुगते अन् पट्टी अडकते. हॅमंड कंपनीच्या ऑर्गनसारखे जे आत फिरणाऱ्या चाकांनी सूर काढतात त्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्या जनरेटरले, म्हणजे चाकांच्या त्या सूर काढणाऱ्या भागाले, त्याचंच खास पातळ तेल लागते, शिलाई मशीनचं नाही. आता सगळ्या पट्ट्या बोलून राहिल्या, फक्त एक काळी पट्टी अजून कुरकुरते, तिचा कॉन्टॅक्ट उद्या पाहतो.