शाळेतून येणारी मुलं रेशोमध्ये मोजताना या चुका टाळा

इंग्लंडमध्ये चाइल्डमाइंडर म्हणून, म्हणजे स्वतःच्या घरी इतरांची मुलं सांभाळण्यासाठी, नोंदणी केलेल्या माझ्या मराठी मैत्रिणींचा पहिला फोन बहुतेक वेळा एकाच प्रश्नासाठी येतो. "अगं, दिवसभर माझ्याकडे तीन लहान आहेत. आता एकीला तिचा रिसेप्शनमधला (शाळेच्या पहिल्याच वर्गातला) मुलगा शाळा सुटल्यावर माझ्याकडे ठेवायचाय. घेऊ की नको?" बहुतेक वेळा माझं उत्तर 'घे' असंच असतं. पण त्याआधी मी तिला चार प्रश्न विचारते, कारण चूक होते ती रेशोच्या, म्हणजे एकीने एका वेळी किती मुलं सांभाळायची, या हिशोबातच. एकदा चूक झाली की ती महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

नियम तसा थोडक्यात सांगता येतो. एका वेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं. त्या सहांपैकी 'लहान मूल' या गटातली जास्तीत जास्त तीन, आणि त्या तिघांत एक वर्षाखालचं एकच. जानेवारी २०२४ पासून चाइल्डमाइंडरसाठी ईवायएफएसची (लहान मुलांच्या संगोपनाच्या सरकारी नियमांची) वेगळी पुस्तिका आहे. तिचा रेशोचा भाग प्रत्येकीने स्वतः वाचावा असं मला मनापासून वाटतं, कारण ऐकीव माहितीवर चालणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत.

पाचवा वाढदिवस झाला म्हणजे मूल मोठं झालं, हे खरं नाही

ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. कायद्याच्या भाषेत मूल 'लहान' राहतं ते पाचव्या वाढदिवसानंतर येणाऱ्या १ सप्टेंबरपर्यंत. केक कापला म्हणून गट बदलत नाही.

दोन मुलं घ्या. एकाचा जन्म २८ ऑगस्ट २०२० चा, दुसऱ्याचा ३ सप्टेंबर २०२० चा. पहिला २८ ऑगस्ट २०२५ ला पाच वर्षांचा झाला आणि चारच दिवसांनी, १ सप्टेंबर २०२५ ला, लहान मुलांच्या गटातून बाहेर पडला. दुसरा ३ सप्टेंबरला पाच वर्षांचा झाला, पण तो १ सप्टेंबर २०२६ पर्यंत 'लहान' म्हणूनच मोजायचा. वयात सहा दिवसांचा फरक आणि रेशोमध्ये जवळजवळ पूर्ण वर्षाचा.

यावरून काही जणी सोपं सूत्र काढतात: रिसेप्शनमध्ये असेल तर लहान, इयर वनमध्ये, म्हणजे पुढच्या वर्गात, गेला की मोठा. बहुतेक मुलांना ते लागू पडतं, पण सगळ्यांना नाही. उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलांना एक वर्ष उशिरा शाळेत घालायची विनंती पालक करू शकतात. आपला २८ ऑगस्टचा मुलगा अशा उशिराने सप्टेंबर २०२५ मध्ये रिसेप्शनला बसला, तर तो आणि ३ सप्टेंबरचा मुलगा एकाच वर्गात, कदाचित एकाच टेबलाशी बसतील. तरी रेशोसाठी एक लहान आणि दुसरा नाही. म्हणून इयत्ता विचारू नका, जन्मतारीख विचारा. मी प्रत्येक मुलाच्या फॉर्मवर दोन तारखा लाल पेनाने लिहिते: तो कोणत्या १ सप्टेंबरला गट बदलणार आणि त्याचा आठवा वाढदिवस कधी.

रिसेप्शनच्या मुलाला सवलत आहे, पण ती वेळेला बांधलेली आहे

मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. चार-पाच वर्षांचं मूल फक्त शाळेआधी, शाळेनंतर किंवा शाळेच्या सुट्टीत तुमच्याकडे येत असेल, तर ते इतर तीन लहान मुलांच्या सोबत सांभाळता येतं. म्हणजे दिवसाची तीन आणि सव्वातीनला येणारा हा चौथा, चालतं. एकूण सहाची मर्यादा मात्र कुठल्याही परिस्थितीत ओलांडायची नाही.

इथे चुका दोन्ही बाजूंनी होतात. काही जणी ही सवलत माहीत नसल्याने चांगली ठेवण्यासारखी मुलं नाकारतात. त्या मुलाच्या आईला मग शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी शोधावी लागते आणि भावंडं दोन घरी वाटली जातात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण नियम आड आलेलाच नसतो.

उलट काही जणी 'शाळेत जातो ना, मग मोजायचाच नाही' असं धरून बसतात. तसं नाही. तो सहामध्ये मोजला जातोच. शिवाय 'फक्त' हा शब्द महत्त्वाचा आहे. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात अनेक शाळा रिसेप्शनच्या मुलांना अर्धाच दिवस बोलावतात. मूल बाराला तुमच्या दारात येतं, म्हणजे शाळेच्या नेहमीच्या वेळेत ते तुमच्याकडे असतं. मी तेवढे दिवस त्याला सरळ तिघांमधलं एक धरते आणि त्यानुसार ऑगस्टमध्येच बाकीच्या पालकांशी बोलून ठेवते.

तिघांच्या मर्यादेला इतर अपवादही आहेत: सांभाळत असलेल्या मुलाचं भावंड, स्वतःचं बाळ, किंवा मुलाची सवयीची जागा तुटू नये म्हणून. पण प्रत्येक वेळी सगळ्या मुलांच्या गरजा नीट भागत आहेत हे तुम्हाला पालकांना आणि ऑफस्टेडच्या (तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) निरीक्षकाला पटवून देता आलं पाहिजे. म्हणून लिहून ठेवा. झोपायची जागा कुठे, स्कूल रनला प्रॅममध्ये कोण आणि हात धरून कोण, गाडीत सीट किती, जेवण भरवताना बाकीचे काय करतात. अर्ध्या पानाची नोंद पुरते, पण ती त्या मुलाबद्दल हवी. कुठून तरी उतरवून घेतलेला मजकूर निरीक्षकाला लगेच ओळखू येतो.

सुट्टीचा दिवस मात्र वेगळा विचार करायला लावतो. तासाभरासाठी चौथं लहान मूल आणि आठपासून सहापर्यंत चौथं लहान मूल या दोन गोष्टी सारख्या नाहीत, आकडा दोन्हीकडे बसत असला तरी. घरात रांगतं बाळ असेल तर मी हाफ टर्मला, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीत, रिसेप्शनच्या मुलांची संख्या कमीच ठेवते. पैसे कमी मिळतात, हे खरं आहे.

स्वतःचं मूल मोजायचं राहतं

आपल्या घरात आपलं मूल असणं इतकं स्वाभाविक असतं की त्याला यादीत टाकायचं सुचतच नाही. आठ वर्षांखालचं तुमचं स्वतःचं मूल सहामध्ये धरायचं, ते 'लहान' वयाचं असेल तर तिघांचा विचारही करायचा. फॉस्टर केअरमधल्या मुलाचंही तसंच. दिवसभर तीन, शाळेतून तीन, आणि शेवटी आपली इयर वनमधली मुलगी दप्तर टाकून सोफ्यावर बसते: ती सातवी. माझ्याकडून सुरुवातीच्या वर्षात नेमकं हेच होणार होतं. करार सहीसाठी पाठवायच्या आदल्या रात्री ते लक्षात आलं आणि एका आईला नाही म्हणावं लागलं.

हजेरीपटावरची नावं नव्हे, घड्याळ मोजा

मर्यादा 'एका वेळी' आहे. नोंदणीत दहा मुलं असली तरी हरकत नाही, दुपारी साडेतीनला घरात किती आहेत हे महत्त्वाचं. मी पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने आखून आठवड्याचा तक्ता करते. अडचण कायम बदलीच्या वेळी येते. एक मूल साडेतीनला घरी जाणार म्हणून त्याच वेळी दुसरं घेतलं आणि पहिल्याचे बाबा ट्रेनमध्ये अडकले, की रेशो मोडला. दोघांमध्ये निदान अर्धा तास मोकळा ठेवा. कागदावर ती जागा वाया गेल्यासारखी दिसते, तरीही ठेवा.

आठ वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना सहामध्ये धरायचं नसतं. इयर थ्रीच्या वर्गात काही सात वर्षांची आणि काही आठ झालेली असतात, म्हणून इथेही तारीखच पाहायची. मात्र मोठ्यांमुळे छोट्यांकडे दुर्लक्ष होता कामा नये, हे नियमातच आहे. विमा कंपनीची स्वतःची मर्यादा असू शकते, पॉलिसी काढून तपासा.

दुसऱ्या ठिकाणचे आकडे आपल्याला लावू नका

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ग्लासगोची मैत्रीण जे सांगते ते तिच्यासाठी बरोबर असतं. स्कॉटलंडमध्ये रेषा वेगळीच ओढलेली आहे: तिथे अजून प्राथमिक शाळेत न जाणारी मुलं तीन, असं मोजतात. वेल्सचेही आकडे निराळे. तसंच सप्टेंबर २०२३ पासून इंग्लंडच्या नर्सऱ्यांमध्ये एका व्यक्तीमागे दोन वर्षांची पाच मुलं चालतात, ते ऐकून काही जणींना वाटलं की आपल्यालाही सवलत मिळाली. तो नियम नर्सरीचा आहे, घरात सांभाळणाऱ्यांचा नाही.

आज मोजलं आणि एक मूल जास्त निघालं तर?

घाबरून गप्प बसू नका. आधी पाहा की कुठला आकडा मोडलाय. तिघांचा मोडला असेल तर वरच्या अपवादांपैकी एखादा खरोखर लागू होतो का ते तपासा, आणि होत असेल तर आजच्या तारखेने नोंद करा. मागची तारीख टाकू नका. सहाचा मोडला असेल तर अपवाद नाही. त्याच दिवशी पालकांना फोन करून वेळ बदला, किंवा तुमच्याकडे नोंद असलेली असिस्टंट असेल तर तिला त्या तासासाठी बोलवा. काय झालं, किती वेळ, आणि पुढे काय बदललं, या तीन ओळी डायरीत लिहा. पालकांना खरं सांगितलं की बहुतेक जण वेळ जुळवून देतात. चिठ्ठी लिहीत बसण्यापेक्षा फोनच करा.